कारखानीसबाईंचा डबा

मी अनारसे घेऊन दुबईला गेलो.

एवढंच केलं. पुण्यात हे वाक्य कुणाला ऐकवलं तर समोरचा "बरं, मग?" म्हणतो आणि पुढच्या वाक्याची वाट बघतो. गल्फमध्ये राहिलेला माणूस मात्र हातातला कप खाली ठेवतो. अनारशाच्या एका अंगाला खसखस असते, आणि खसखस त्या देशात अफूच्या घराण्यातली म्हणून ओळखली जाते. तुम्ही ती शिऱ्यासाठी न्या नाहीतर देवाच्या नैवेद्यासाठी, विमानतळावर ती अमली पदार्थच असते आणि नेणारा आत.

हे मला माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही. मला ते इतकं माहीत होतं की त्याच वर्षी शारजात आम्हा मराठी मंडळींच्या गणपतीत मी त्यावर भाषण ठोकलं होतं. नव्यानं आलेल्या बायकांना बोट नाचवून सांगितलं होतं, "खसखस नाही म्हणजे नाही! मसाल्यात नाही, पुडीत नाही, चिमूटभरसुद्धा नाही!" टाळ्या पडल्या. भाषण करण्याचा माझा अधिकार असा की मी दुबईतल्या देरा भागात एका वकिलाच्या ऑफिसात हिशेब लिहायचो आणि इंग्रजी टायपिंग करायचो, आणि खसखशीपायी आत गेलेल्यांच्या फायली माझ्या टेबलावरून जायच्या.

दिवाळी करून पुण्याहून परतताना मी आईला जातीनं विचारलं, "आई, डब्यात खसखस दिली नाहीस ना?"

"खसखस कशाला देऊ? नुसते अनारसे आहेत. आणि या खेपेला एकही हसला नाही हो."

तुपात सोडल्यावर अनारसा विरघळून पसरला की तो हसला म्हणतात. एकही हसला नाही हे ऐकून मीही खूश झालो आणि डबा बॅगेत घातला. अनारसा हा अनारसा असतो. त्याच्यावर काय असतं ते आपण बघत नाही, जसं आपण आत्याच्या नाकावरचा तीळ बघत नाही.

दुबईच्या विमानतळावर एक कोवळा अधिकारी माझी बॅग बघायला लागला. डबा उघडून म्हणाला, "ये क्या है?"

"मिठाई. दिवाली का. घर का बनाया हुआ. लो ना, एक लो."

घ्या! मी त्याला पुरावा खायला देत होतो. त्यानं अनारसा उचलला, उलटा केला, नखानं एक कण काढला आणि तळहातावर घेऊन बघत राहिला. त्या कणाबरोबर माझ्या डोक्यात गणपतीतलं माझंच भाषण सुरू झालं, टाळ्यांसकट. आणि मग मी ती दुसरी चूक केली, जिच्यापुढे पहिली म्हणजे बालवाडी.

आपल्याकडे पोलिसानं अडवलं की माणूस ओळख सांगतो. मामा अमक्या खात्यात आहेत, तमके साहेब आमच्या आळीतले. हा आपला कुळाचार आहे. मीही ओळख सांगितली. दुबईच्या कोर्टकचेऱ्यांतल्या सगळ्या टेबलांना ठाऊक असलेलं एकच मराठी नाव माझ्यापाशी होतं.

"ये डब्बा मेरा नहीं है," मी म्हणालो. "कारखानीस मॅडम का है. सुलभा कारखानीस. आप फोन करो उनको."

त्यानं नाव नीट विचारून लिहून घेतलं. स्पेलिंगही मीच सांगितलं.

*

ज्यांचं स्पेलिंग मी असं बिनचूक सांगितलं त्या कारखानीसबाई आमच्या ऑफिसात अर्ज लिहायच्या. अर्ज म्हणजे शाळेच्या दाखल्याचा नव्हे. एखाद्या परदेशी माणसाच्या हातून गंभीर गुन्हा घडला, त्याची शिक्षा भोगून झाली, तरी तिथे गोष्ट संपत नसे. व्हिसा रद्द करून कायमचं देशाबाहेर काढायचा हुकूम वेगळ्याच टेबलावरून निघायचा. त्या हुकुमाला तिकडे 'इब्आद' म्हणतात. तो शब्द उच्चारताना आमच्या ऑफिसात चांगले धट्टेकट्टे पठाण खुर्चीचा हात धरायचे. हुकुमाचा फेरविचार करा अशी विनंती करता येते, आणि ती विनंती अरबीत लिहिण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं.

बाई मूळच्या नाशिकच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा अजमानला समुद्राजवळच्या बैठ्या घरात राहायला गेल्या. नवरा रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यात, आठवड्यानं घरी यायचा. शेजारी उम्म सईद नावाची स्थानिक म्हातारी. तिच्या स्वयंपाकघरात मासे साफ करता करता बाई अरबी शिकल्या. कोर्टाची अरबी नंतर आली, पण चिडल्या की उम्म सईदची बाहेर यायची आणि कारकून उभे राहायचे. नवरा गेल्यावर सगळ्यांना वाटलं बाई आता परत जाणार. बाईंनी आमच्या वकिलांकडे नोकरी धरली आणि त्या अजमानच्याच घरात राहिल्या.

दिसायला ठेंगण्या, गोल. एसी इतका गार ठेवायच्या की कोपऱ्यातल्या मनीप्लँटनं मान टाकली होती, आणि स्वतः मरून रंगाचा स्वेटर घालून बसायच्या. बाहेर पन्नासच्या घरात ऊन आणि आत या महाबळेश्वरला. मी एकदा म्हटलं, "बाई, एसी कमी करून स्वेटर काढला तर?"

"गरम खोलीत माणसं फार रडतात," बाई म्हणाल्या.

लिहायला बसल्या की एक खजूर तोंडात टाकायच्या. गर संपायचा, बी गालात राहायची. बी गालात फिरत असेपर्यंत त्यांच्याशी बोलायचं नाही, हा ऑफिसचा अलिखित कायदा. बी बाहेर आली की वाक्य तयार. आमचे वकील, ज्यांना तिकडच्या रिवाजानं आम्ही 'उस्ताद' म्हणायचो, तेही दारात येऊन आधी बाईंच्या गालाकडे बघायचे. गाल फुगलेला दिसला की परत.

लिफ्टची त्यांना भयंकर भीती. चौथ्या मजल्यावर रोज जिन्यानं धापा टाकत यायच्या. मी हसलो तर म्हणाल्या, "भीती बाळगावी, गद्रे. भीती नसलेली माणसं आपल्याकडे क्लायंट म्हणून येतात. फक्त ती अंगावर घालून फिरू नये. तू तर तिचा सूट शिवून घेतलायस."

ते खरं होतं. पोलिसाची गाडी दिसली की मी आपोआप शर्टाचं वरचं बटण लावायचो. तिकडे आम्हा सगळ्यांच्याच पोटात एक व्हिसा असायचा आणि तो अधूनमधून दुखायचा. पोरीची शाळा, करामा भागातलं घर, बायकोची नोकरी, फ्रिजसुद्धा त्या एका शिक्क्यावर उभा. शिक्का गेला की सगळं गेलं.

*

बाईंसमोर येणाऱ्याला पहिलं वाक्य ठरलेलं ऐकायला मिळे, हिंदीत, अरबीत नाहीतर मराठीत. "आधी काय केलंस ते सांग. रडणं नंतर."

आणि दुसरं, "मुलं बाहेर."

एकदा गोरखपूरकडची एक बाई आली होती. नवऱ्यानं लेबर कँपात भांडणात दुसऱ्याच्या तोंडावर लोखंडी सळई मारली होती. शिक्षा भोगून झाली होती, आता देशाबाहेर काढायचा हुकूम आला होता. तिनं मुलांना नवे कपडे घालून, तेल चोपडून, उंचीप्रमाणे ओळीनं उभं केलं होतं. बाईंनी प्रत्येकाच्या हातावर खजूर ठेवला आणि मला सांगितलं, "यांना बाहेर ने."

"मॅडमजी, बच्चों का मुँह देख के लिखिए ना," ती म्हणाली.

"इसीलिए बाहर भेजा. किसको लगी?"

"जी?"

"सळई. लगी किसको? नाम क्या है उसका?"

तिला माहीत नव्हतं. नवऱ्याच्या खटल्याचं एवढं रामायण झालं पण ज्याला लागलं त्याचं नाव घरात कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी तिला परत पाठवलं. नाव काढ, तो कसा आहे ते बघून ये, मग लिहिते. मला तेव्हा हे फार निर्दय वाटलं. मी मनातल्या मनात बाईंना बरीच विशेषणं बहाल केली.

ती काही दिवसांनी परत आली. त्या माणसाचं नाव तिनं आणलं होतं. त्याचा एक डोळा गेला होता. बाईंनी अर्ज लिहिला, चांगला लिहिला, मुलांबद्दलही लिहिलं. पण पहिल्या ओळीत तो डोळा होता. फेरविचार होऊनही हुकूम कायम राहिला. गोरखपूरची बाई जिन्यातून शिव्याशाप देत उतरली. सगळी बिल्डिंग ऐकत होती.

मी म्हटलं, "बाई, डोळ्याचं जरा खाली लिहिलं असतं तर?"

बी गालातून फिरून बाहेर आली. "त्याचा डोळा गेला, गद्रे. तो कुठे अर्ज करणार?"

हे असं का, ते त्यांनी मला पुढे एकदा सांगितलं. काही कागद पोचवायला मी त्यांच्या अजमानच्या घरी गेलो होतो. चहा टाकता टाकता, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, की सुरुवातीच्या काळात एका मुकादमासाठी त्यांनी असा काही अर्ज लिहिला होता की वाचणाऱ्या साहेबानं चष्मा पुसला. म्हातारी आई, चिमणी पोरं, गावचं गळकं छप्पर. त्यानं बायकोला मारून मारून हात मोडला होता, ते अर्जात एका ओळीत उरकलं होतं. 'घरगुती वाद' असं. हुकूम फिरला. तो पेढे घेऊन आला होता.

"मग?"

"मग काय. घरी गेला. पुन्हा घरगुती वाद झाला."

चहा उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि ती बाई जगली की गेली हे मी विचारलं नाही.

त्याच दिवशी मी दाराशेजारची ती बॅग पाहिली. निळी, पट्टा बांधलेली, वर पाण्याची बाटली. मला वाटलं बाई सुट्टीवर निघाल्यात. म्हणाल्या, "नाही रे. ती तशीच असते. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी विमानात बसवलेली मी बघितलीत. एकाच्या पायात बाथरूमच्या चपला होत्या. मी नीट जाणार."

"पण तुम्ही कशाला जाल? तुम्ही काय केलंय?"

"मी काही केलं नाही तरी आजूबाजूला तुम्ही आहात ना," बाई म्हणाल्या.

मी चहाबरोबरची दोन्ही बिस्किटं खाऊन निवांत हसलो होतो. आता तो प्रसंग आठवला की घशाशी ती बिस्किटं येतात.

*

विमानतळावरून मला सरळ कोठडीत नेलं. तिथल्या दिवसांबद्दल मी नेहमी विनोदी काहीतरी सांगतो, की जेवणात रोज बिर्याणी असायची वगैरे. खरं म्हणजे मला तिथलं जेवण आठवतच नाही. दाराच्या कडीचा आवाज आठवतो. तो झाला की सगळे एकदम बोलायचे थांबायचे.

सरकारी वकिलांनी व्यापाराचा आरोप काढून टाकला. सगळ्या अनारशांवरची खसखस खरवडली तरी तो व्यापार भरेना. उस्तादांच्या जामिनावर मी सुटलो. पण दुसऱ्या टेबलानं आपलं काम केलंच. व्हिसा रद्द आणि मी कायमचा देशाबाहेर. पासपोर्ट जमा. आणि डबा ज्यांचा म्हणून मी सांगितला होता, त्यांची चौकशी चालू. त्यांचाही पासपोर्ट जमा.

घरी नीलानं, माझ्या बायकोनं, दार उघडलं आणि ताट वाढलं. मुलगी मुक्ता तिथेच जन्मलेली, इंग्रजीतच उत्तर द्यायची. तिनं विचारलं, "बाबा, आर यू अ ड्रग डीलर?"

"नाही गं. अनारसे होते."

"बट यू गेव्ह द स्पीच!"

दारावरची बेल वाजली की मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावायचो. बहुतेक वेळा इस्त्रीवाला असायचा. माझा एक शर्ट पोचवायला तो बिचारा पुन्हा पुन्हा आला, कारण नीला कामावर आणि मी नळ सोडून उभा.

शेवटी मी ऑफिसात गेलो. जिन्यानं गेलो, लिफ्टची आता मलाही भीती वाटत होती. बाई स्वेटर घालून बसल्या होत्या. समोर त्यांचं नाव असलेला अरबी कागद होता. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "आधी काय केलंस ते सांग."

"बाई, तुम्हाला सगळं..."

"सांग."

मी सांगितलं. अनारसे, आई, एकही हसला नाही, ओळख. सांगता सांगता रडायला लागलो. बाईंनी एसी वाढवला.

"लागलं कुणाला?"

इथे मला हायसं वाटलं. "कुणालाच नाही, बाई. तेच तर! यात कुणाला काही लागलंच नाही."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी टेबलावरचा तो कागद उचलायला हात पुढे केला, आणि मी बघितलं की त्यांची बोटं थरथरतायत. ऑफिस महाबळेश्वर होतं म्हणून नव्हे. ज्या बाईंना पाहून कारकून उभे राहायचे त्यांना तो कागद धड धरता येत नव्हता.

"बाहेर जाऊन बस," त्या म्हणाल्या. "आठवलं की ये."

गोरखपूरच्या मुलांना बसवलं होतं त्याच बाकावर मी जाऊन बसलो. मग परत आत गेलो.

"तुम्हाला."

"बस," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खजूर तोंडात टाकला.

तो अर्ज लिहायला दिवस गेला. बी गालात फिरतच राहिली. संध्याकाळ झाली तरी बाहेर आली नाही; शेवटी बाईंनी गिळली की काय देव जाणे. मला त्यांनी मराठीत वाचून दाखवला. पहिली ओळ अशी, की अर्जदारानं मनाई असलेली वस्तू आणली आणि तिला मनाई आहे हे त्याला पूर्ण माहीत होतं.

मी खुर्चीतून उठलो. "बाई! हे काय? 'माहीत नव्हतं' लिहा ना! सगळे लिहितात!"

"माहीत होतं ना?"

"पण भाषणाचं त्यांना कुठे ठाऊक आहे?"

"हॉलभर बायका होत्या, गद्रे. तू एकटाच बोलतोस असं वाटतं का तुला?"

पुढची ओळ होती, की त्याच्या बोलण्यामुळे सुलभा कारखानीस या बाईंवर संशय आला, आणि तिचा डब्याशी संबंध नव्हता. बस्. स्वतःबद्दल तेवढंच.

"तुमचा वेगळा अर्ज?"

"माझ्यावर हुकूम कुठे निघालाय अजून? आणि आपला अर्ज आपण लिहू नये. मुलं आत येतात."

*

फेरविचार करणाऱ्या कचेरीत आम्हाला दोघांनाही बोलावलं. कॉरिडॉरमध्ये लोखंडी खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचा कूलर. मी इतकं पाणी प्यालो की आमचं नाव पुकारलं तेव्हा मी दुसरीकडेच होतो. बाईंना दार ठोठावून बोलवावं लागलं.

साहेब वयस्क, पांढरी दाढी, चष्मा. बाईंचे अर्ज त्यांनी वर्षानुवर्षं वाचलेले. हा मात्र त्यांनी फार सावकाश वाचला. दुसऱ्या ओळीशी थांबले, चष्म्यावरून बघून म्हणाले, "ही तूच?"

"हो," बाई म्हणाल्या. हात मांडीवर, एकमेकांत घट्ट धरलेले.

"याला माहीत होतं, मग का आणलं?"

बाईंनी माझ्याकडे वळून मराठीत विचारलं. मी जे मनात आलं ते बोललो. "साहेब, मी खसखस आणली नाही. मी अनारसे आणले. त्यावर खसखस असते हे... ते दिसत नाही हो. म्हणजे दिसतं, पण..."

असल्या उत्तराचं अरबीत काय करणार? पण बाई सुरू झाल्या. तांदूळ भिजवायचा, वाळवायचा, कुटायचा, गुळात मुरवायचा, खसखशीवर थापायचा. कोर्टाची अरबी गळून पडली आणि उम्म सईदच्या स्वयंपाकघरातली बाहेर आली. 'लुगैमात' हा शब्द मला कळला. तिकडचे ते गोड गोळे असतात, वर तीळ भुरभुरलेले. बाहेर आल्यावर बाईंनी सांगितलं की त्यांनी एवढंच विचारलं होतं, तुमची आई लुगैमात वाढते तेव्हा तुम्हाला तीळ दिसतात की आई?

साहेब हसले नाहीत. माझ्याकडे एकदा बघितलं, जसं दुकानात फुटलेल्या बरणीकडे बघतात. मग बाईंकडे बघून म्हणाले, "इन्शाल्ला."

त्या शब्दाइतका गोड आणि त्या शब्दाइतका भीतिदायक शब्द मी आयुष्यात ऐकलेला नाही. तो हो असतो आणि नाहीही असतो. तो पोटात घेऊन मी जगलो. नीलानं पुण्याला सामान पाठवायला खोकी आणून ठेवली. मुक्ता त्यात बसून अभ्यास करायची.

आणि हुकूम फिरला! पुन्हा असं करणार नाही असं लिहून दिल्यावर व्हिसा परत. बाईंची चौकशीही थांबली, पासपोर्ट टेबलावरून सरकवून दिला. मी ऑफिसभर जिलब्या वाटल्या. अनारसे नव्हे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी उस्तादांनी मला आत बोलावलं आणि एक कागद टाइप करायला दिला. बाईंचा व्हिसा ऑफिसतर्फे रद्द करण्याचा.

उस्ताद काही वाईट माणूस नव्हते. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. पण त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. मी कागदोपत्री स्वच्छ झालो होतो. माझ्यावर हुकूम निघाला आणि उठला, तसा शिक्काच माझ्याकडे होता. बाईंवर हुकूम निघालाच नव्हता, मग उठल्याचा कागद कुठून येणार? त्यांच्या नावापुढे होती ती नुसती चौकशीची नोंद, अमली पदार्थांच्या फायलीत. आणि त्या नावानं रोज त्याच कचेऱ्यांत अर्ज जायचे होते.

"खलास," उस्ताद म्हणाले, मला नव्हे, टेबलाला.

मी टाइप करत होतो तेव्हा बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "कारखानीसमध्ये एच राहिला," म्हणाल्या. विमानतळावर मात्र मी तो विसरलो नव्हतो.

"बाई, याच्यावर अर्ज करू. मी लिहितो. कुठे करायचा सांगा."

"याला दाद नसते, गद्रे. दाद गुन्ह्याला असते. यात गुन्हाच नाही."

आणि त्या जिन्यानं खाली गेल्या.

*

त्यांना सोडायला आम्ही तिघंही गेलो. टॅक्सीतून ती निळी बॅग मी उतरवली. पट्टा नवा होता. बाई म्हणाल्या, शेवटी एकदा उघडून पाहिली तर आतले सगळे ब्लाउज तरुणपणीच्या मापाचे निघाले, एकही होईना. मग पुन्हा भरली. वर्षानुवर्षं तयारीत राहून ऐन वेळी धावपळ ती झालीच. हे सांगताना त्या हसल्या, पण हात पर्सच्या बंदाला घट्ट धरून होता, त्या कचेरीत एकमेकांत धरले होते तसे. अंगात मरून स्वेटर. विमानात गार असतं म्हणे.

नीलानं वाकून नमस्कार केला. मुक्तानं गळ्यात पडून "विल यू कम बॅक?" विचारलं. बाईंनी तिच्या हातावर खजूर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला, आणि सवयीनं मला म्हणाल्या, "हिला जरा बाहेर ने."

मी गेलो नाही. काचेपलीकडे तेच टेबल दिसत होतं किंवा मला ते तेच वाटत होतं, आणि टेबलामागचा कोवळा अधिकारी मान वर करील या भीतीनं माझं वरचं बटण पुन्हा लागलेलं होतं. त्या बटणाआडून मी ते विचारलं जे इतके दिवस विचारलं नव्हतं.

"बाई, तुम्ही माझ्यावर रागावलात का हो? खरं सांगा. मी तुमचा गुन्हेगार आहे."

बाईंनी बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला, गालातली बी रुमालात काढली आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू कसला गुन्हेगार? त्याला थोडी तरी अक्कल लागते."